पांढरी गाडी, दोन बॅटऱ्या

ॲम्बल, नॉर्थंबरलँड
३ मे १९९२, रविवार

प्रिय होरेस,

रविवारी, तुझ्या मते काम वर्ज्य असलेल्या पवित्र दिवशी, पत्र लिहितेय. देव मला माफ करील, तू करणार नाहीस, हे ठाऊक असूनही लिहितेय.

बातमी अशी की मी गाडी घेतली. साधी नाही. झोपायला बाक, स्वयंपाकाला दोन बर्नर, वर उचलता येणारं छप्पर, अशी राहायची गाडी. रेगचं काचघर होतं ना मागच्या अंगणात, ते टोमॅटोंसकट शेजाऱ्याला विकलं आणि त्यात थोडी भर घातली. रेगनं लग्न झाल्यापासून आयुष्यभर मला 'पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंड' असं सांगितलं. पुढचा उन्हाळा आला, रेग राहिला नाही. तेव्हा मी एकटीच जाणार.

गिलियनला कळलं आणि तिनं फोनवर असा हंबरडा फोडला, जणू तिची आई सर्कशीत भरती झाली. तुझी ही भाची आजकाल माझी आई झाली आहे, होरेस. तिनं रेडिंगला स्वतःच्या घरामागे, म्हाताऱ्यांच्या एका इमारतीत माझ्यासाठी खोली बघून ठेवली आहे. मी पाहून आले. न्हाणीघरात छतापासून एक लाल दोरी लोंबते. पडलात तर ओढायची, मग एक बाई धावत येते म्हणे. मी न पडताच ओढून पाहिली. बाई आली नाही.

शेवटी सौदा ठरला. ऑगस्टच्या आत मी एकटीनं स्कॉटलंडची आठवडाभराची फेरी करायची. वाटेत कोणाची मदत घ्यायची नाही. धक्का मारणारी माणसं नाहीत, दोर बांधून ओढणारी गाडी नाही. जमलं तर गाडी माझी. नाही जमलं तर गाडी विकायची. गाडी गेली की पुढे रेडिंग आहेच, हे ती बोलली नाही, पण तिचा आवाज तिकडचे पडदे शिवायला बसला होता.

निवाडा तू करायचा आहेस. 'मामा खोटं बोलत नाही,' असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मामाला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्यावर खोटं बोलायची वेळ येत नाही. पण ती ठाम. फेरी झाली की मामानं लेखी कळवायचं, आई पास की नापास. तुझी पत्रं मात्र मदतीत धरायची नाहीत, हे मी कबूल करून घेतलं आहे. ती प्रवचनांत मोडतात.

आता कामाचं. माझे डोळ्यांचे थेंब थंड ठेवावे लागतात, नाहीतर ते नासतात. म्हणजे फ्रिज चालला नाही तर मी पहिल्याच मुक्कामाला नापास. गाडीत फ्रिज आहे, पण आधीच्या मालकानं (दातांचा डॉक्टर होता, भोकं पाडण्यापलीकडे त्याला काही येत नसावं) तो सरळ इंजिनाच्या बॅटरीला जोडला आहे. रात्रभर फ्रिज चालू, सकाळी गाडी बंद. तू तीस वर्षं कारखान्यात गाड्यांच्या वायरी घातल्यास. मला सांग, सोप्या भाषेत सांग, आणि देवाला मधे आणू नकोस.

गाडी पांढरी आहे. चाकं चार आहेत. आणखी सांगण्यासारखं काही नाही.

तुझी,
एनिड


कॉव्हेंट्री
९ मे

प्रिय एनिड,

पत्र मिळालं. त्यावरच्या वाराबद्दल मी काही म्हणत नाही. म्हणणारा वर आहे.

निवाड्याचं काम स्वीकारलं. जे घडेल ते लिहीन. तू माझी बहीण आहेस म्हणून एक अक्षर कमी किंवा जास्त होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता बॅटरीचं. एक नव्हे, दोन बॅटऱ्या ठेव. पहिली इंजिनाची, तिनं फक्त गाडी सुरू करायची. दुसरी मुक्कामाची, तिच्यावर दिवे आणि पाण्याचा पंप. इंजिन फिरत असेल तोवर दोघींना जोडायचं, म्हणजे इंजिन दोघींना भरत राहतं. इंजिन थांबलं की तोडायचं, म्हणजे मुक्कामाची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीचं रक्त पीत नाही. हे जोडण्या-तोडण्याचं काम जो करतो त्याला रिले म्हणतात. काडेपेटीएवढी डबी असते. जोडताना टक् असा आवाज येतो.

फ्रिजची वायर याच रिलेच्या पुढे घे. तुझा फ्रिज खातो फार आणि काम सावकाश करतो, म्हणून गाडी चालू असतानाच त्याला बॅटरीवर ठेवायचं. गाडी थांबली की स्वयंपाकाच्या गॅसवर, असले फ्रिज दोन्हींवर चालतात.

इंजिन फिरतंय हे रिलेला कसं कळणार? डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा असतो. इंजिन बॅटरी भरू लागलं की तो विझतो. त्या दिव्याच्या वायरीवरून रिलेला इशारा द्यायचा. ती वायर तपकिरी असते, अंगावर पिवळी रेघ असते. रिलेचं दुसरं टोक काळ्या वायरीला जोड. काळी म्हणजे अर्थिंग. आभाळ आणि जमीन वेगळी झाली तेव्हापासून हे असंच आहे.

फ्यूज दोन घाल, दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक. वायरीच्या दोन्ही टोकांना वीज आहे हे विसरून लोक एकच घालतात, आणि मग गाडी जळते.

बॉनेट उघडून कामाला लाग. गाडी कुठली ते तू लिहिलं नाहीस, पण विचारायची गरज वाटली नाही. कॉव्हेंट्रीत जन्मलेली मुलगी कुठल्या देशाची गाडी घेणार हे उघड आहे.

तुझा भाऊ,
होरेस

ता. क. मी मेव्हिस. सोबतचं चित्र काढायला यांनी माझा केकखाली घालायचा कागद पळवला. दोन्ही बॅटऱ्यांना नाकडोळे काढलेत. विचारलं तर म्हणतात, ती अधिक-उणेची टोकं आहेत. माझ्या मते उजवीकडची तुझ्यासारखी दिसते.


ॲम्बल
२४ मे, पुन्हा रविवार, मुद्दाम

प्रिय होरेस,

उंटावरून शेळ्या हाकण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. पण शेळ्या पोचल्या!

दोन दिवस मी गाडीत उताणी पडून होते. शेजारचा टेड (तोच, काचघरवाला) येऊन उभा राहिला.

'हे बाईमाणसाचं काम नाही, एनिड.'

'मग तू ये खाली.'

'माझी कंबर धरलीय.'

'मग उभाच राहा. ऊन लागत होतं, तुझी सावली बरी पडतेय.'

संध्याकाळपर्यंत उभा होता बिचारा. मदत म्हणशील तर एवढीच.

आता एक गोष्ट. तू लिहिलंस बॉनेट उघड. गाडीच्या पुढच्या बाजूला उघडण्यासारखं मला काही सापडलं नाही. टेडलाही नाही. गाडी चालते, म्हणजे तिला इंजिन असणार, अशी मी श्रद्धा ठेवली. तू श्रद्धेवर दर आठवड्याला बोलतोस, मी ती वापरून पाहिली. शेवटी इंजिन सापडलं. कुठे, ते विचारू नकोस.

डॅशबोर्डमागे तपकिरी वायर सापडली. खरं तर तपकिरी वायरींचा गठ्ठाच सापडला. पिवळी रेघ मात्र एकीच्याही अंगावर नाही. त्यातल्या त्यात समजूतदार दिसणारी एक निवडली आणि रिलेला जोडली. दुसऱ्या टोकाला काळी. मग तुझ्या नावानं किल्ली फिरवली, आणि सीटखालून टक्! इंजिन सुरू व्हायच्या आधीच टक्! इतका उत्साही रिले आहे. रेगला मी हाक मारली की तासाभरानं 'काय?' यायचं.

गाडी गावाबाहेर फिरवून आणली. फ्रिज गार झाला. त्यात एक लोण्याची वडी आणि थेंबांची बाटली ठेवली आहे, आणि मी दार उघडून उघडून दोघांकडे बघते.

गिलियनला सांगितलं. ती म्हणाली, 'अजून फेरी व्हायचीय, आई.' माझ्या लहानपणी आईही असंच म्हणायची.

तुझी,
एनिड


कॉव्हेंट्री
२ जून

प्रिय एनिड,

शाबास. मनापासून लिहितो.

पिवळ्या रेघेचं मनाला लावून घेऊ नकोस. जुन्या वायरीवरची रेघ उडून जाते. इंजिनाचंही मी ओळखलं. दोन सीटांच्या मधे, झाकणाखाली असणार. आमच्याच कारखान्यात तशा गाड्या बनायच्या, ड्रायव्हरचा डावा गुडघा हिवाळ्यात गरम राहायचा. मला फसवणं इतकं सोपं नाही.

तुझ्या पत्राचा एक उपयोग झाला, तो सांगायला हवा. परवाच्या रविवारी चॅपलमध्ये प्रवचनाची पाळी माझी होती. विषय सुचत नव्हता. तुझं पत्र वाचता वाचता सगळं आपोआप जुळत गेलं. देव हे इंजिन. आपण बॅटऱ्या. प्रार्थना हा रिले. इंजिनाशी जोडलेले राहिलात तर भराल, तुटलात तर दुसऱ्याचं रक्त पीत बसाल. बोलून झाल्यावर पाहिलं तर मिसेस पॉटरच्या डोळ्यांत पाणी होतं.

निघण्याआधी दोन्ही फ्यूज पुन्हा बघ. देव तुझ्या पाठीशी असो.

तुझा भाऊ,
होरेस

ता. क. मी मेव्हिस. मिसेस पॉटर जांभया देत होती. जांभईनंही पाणी येतं. आणि बाहेर पडताना तिनं मला विचारलं, 'होरेसच्या बहिणीच्या फ्रिजला देवानं नक्की काय केलं?'


उल्लापूल, स्कॉटलंड
९ जुलै

प्रिय होरेस,

हे पत्र बसून वाच. मेव्हिसलाही जवळ बसव.

सुरुवातीचे दिवस राणीसारखे गेले. लोणी दगडासारखं, थेंब गार, रस्ते रिकामे. एका मुक्कामाला मी दार उघडं टाकून पाय धुवायला गेले, तेवढ्यात मेंढी आत शिरून माझा कोबी खाऊन गेली. ही मदत नव्हे, म्हणून लिहायला हरकत नाही.

मग एका खाडीच्या काठी थांबले असताना पावसानं ठाण मांडलं. मी किल्ली अर्धी फिरवून रेडिओ लावला आणि दिवसभर क्रिकेट ऐकत लोकर विणत बसले. फ्रिज गॅसवर करायचा राहिला. हा फ्रिज आवाज करत नाही, तेव्हा त्याची आठवण कोण करून देणार? संध्याकाळी रेडिओचा आवाज खोल जाऊ लागला. मला वाटलं, आपला संघ हरतोय म्हणून बोलणारा माणूस खचलाय. सकाळी किल्ली फिरवली. काही नाही. लाल दिवासुद्धा नाही. एक नव्हे, दोन्ही बॅटऱ्या खलास. एकीनं दुसरीचा हात धरून जीव दिला होता.

शेजारी एक गाडी उभी होती. तंतोतंत माझ्यासारखी, फक्त हिरवी. तिच्यातून एक उंच म्हातारा उतरला. एवाल्ड ब्रिंकमान त्याचं नाव, कासेलला ट्राम चालवायचा. बायको ट्रूडं. तो टोपी काढून म्हणाला, 'मॅडम, मदत?'

'नको. मला मदतीची मनाई आहे.'

त्याला वाटलं असावं की इंग्रजांचा हा काही उपास आहे. नवरा-बायको खुर्च्या टाकून, छत्री धरून, माझ्याकडे बघत बसली. मी वायरी हलवल्या, फ्यूज बदलले, रिलेला चमच्यानं मारलं. मग थेंबांची बाटली हातात घेतली. ती कोमट होती. होरेस, मी उठले आणि त्या माणसाकडे गेले.

आता ऐक. त्याची गाडी तंतोतंत माझ्यासारखी आहे असं मी लिहिलं. तो जर्मन, त्याची गाडीही जर्मन. आणि माझीही.

मी आपल्याकडच्या गाड्या आधी पाहिल्या, शपथेवर सांगते. दोन सुरू झाल्या नाहीत. एकीचं दार माझ्या हातात आलं. ही पहिल्या किल्लीला सुरू झाली, आणि हिच्यात मला ताठ उभं राहता येतं. इंजिन मागे, झोपायच्या बाकाखाली असतं. तुला लिहायचं धैर्य झालं नाही. चाळीस साली जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर केलेल्या त्या बॉम्बहल्ल्यात आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, पण मला सगळं आठवतं. तू उघड्या हातांनी विटा उपसत होतास आणि मला मागे ढकलत होतास. म्हणून लिहिलं नाही. चाकं चार आहेत एवढंच लिहिलं.

एवाल्डनं डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि आतून 'ओह्' असं काहीतरी म्हणाला. डॉक्टरांनी कधी म्हणू नये तसं.

'मॅडम, ही जोडणी कोणी सांगितली?'

'माझ्या भावानं. तीस वर्षं गाड्यांत वायरी घालत होता.'

'कुठे?'

'कॉव्हेंट्रीला.'

तो बाहेर आला. पक्कड खाली ठेवली. फडक्यानं हात पुसले, बराच वेळ पुसले. ट्रूडं त्याच्याकडे बघत होती. मग पक्कड उचलली आणि पुढचं सगळं काम आधीपेक्षा सावकाश केलं.

त्याचं म्हणणं असं की त्यांच्याकडे तपकिरी वायर म्हणजे अर्थिंग. नेहमीच. काळी किल्लीवर चालते. आणि इशाऱ्याची वायर निळी असते. म्हणजे तुझी सृष्टी समुद्रापलीकडे उलटी आहे. इंजिन फिरतंय की नाही हे माझ्या रिलेला कधी कळतच नव्हतं. किल्ली फिरली की तो टक् करून दोन्ही बॅटऱ्या आणि फ्रिज जोडून मोकळा. मी क्रिकेट ऐकत होते आणि फ्रिज दोघींना पीत होता.

त्यानं निळी वायर जोडून दिली. त्याच्या गाडीवरून वीज घेऊन माझी सुरू केली. आता टक् होतं ते लाल दिवा विझल्यावर. ट्रूडंनं एवढा सॉसेज खायला घातला की मी वाकू शकत नव्हते.

आता मागणं. गिलियनला एवढंच लिही, 'आईची फेरी पूर्ण झाली, फ्रिज चालला.' दोन्ही खरं आहे. तिनं पुढचं विचारलं नाही तर सांगायचं नाही. पाप म्हणशील तर अर्धंच आहे, आणि ते अर्धंही मी घेते. मला ती दोरी नको रे, होरेस.

तुझी,
एनिड


कॉव्हेंट्री
२७ जुलै

प्रिय एनिड,

हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहितेय. तू वाट बघून डोळ्यांचे थेंब संपवले असशील.

तुझं पत्र यांनी वाचलं, घडी घातली, आणि बागेत जाऊन वाटाण्याच्या काठ्या उपटल्या. वाटाणे अजून कोवळे होते. मग आत येऊन म्हणाले, 'चहा.' तेवढंच. मी बोलले तरी यांना ऐकू येत नाही आणि हे बोलेनात, म्हणजे आमच्याकडे आता फक्त घड्याळ बोलतं.

गेल्या गुरुवारी घरी आले तर कोटाच्या पाठीला तेल. विचारलं तर म्हणे, 'पडलो.' बघ, हा माणूस खोटं बोलत नाही म्हणतात! पण पडले होते हेही खरंच. मिसेस पॉटरनं सगळं सांगितलं. आमच्या डॉक्टरांकडे जर्मन गाडी आहे. दवाखान्याबाहेर तिच्याखालून दोन बूट बाहेर आलेले लोकांना दिसले. नर्सला वाटलं माणूस चिरडला. ती ओरडत धावली, लोक जमले, हाका मारल्या. यांना काय ऐकू येणार? शेवटी डॉक्टरांनी स्वतः पाय धरून ओढून काढलं. हातात टॉर्च, तोंडावर ग्रीस, आणि सगळ्या गावासमोर पहिलं वाक्य काय बोलावं?

'तपकिरीच आहे!'

डॉक्टरांनी आत नेऊन रक्तदाब तपासला.

काल जेवताना आपण होऊन तोंड उघडलं. म्हणाले, 'तिनं लिहिलं होतं गं. इंजिन सुरू व्हायच्या आधीच टक् झालं म्हणून. शिकाऊ पोराच्याही लक्षात आलं असतं.'

मी कागदावर लिहून विचारलं, मग तुमच्या का नाही आलं?

म्हणाले, 'मी तेव्हा प्रवचन जुळवत होतो.' आणि बटाटा तसाच ठेवला.

गिलियनचं मी विचारलं. हे उठून बागेत गेले. पण एनिड, हे खोटं लिहिणार नाहीत, अर्धंही नाही. तेवढं मी यांना ओळखते. तू मनाची तयारी ठेव. मला फार वाईट वाटतंय.

तुझी,
मेव्हिस


ॲम्बल
१ ऑगस्ट

प्रिय होरेस,

मेव्हिसचं पत्र आलं. डॉक्टरांच्या गाडीखालून तुझे बूट, हे वाचून मी इतकी हसले की टेड कुंपणावरून डोकावला. मग रडले, तोवर तो गेला होता, बरं झालं.

मी जे मागितलं ते मागे घेते. तुला खोटं बोलायला सांगणं म्हणजे बैलाला दूध मागणं. शिवाय दोन-तीन दिवस विचार केला. मला ही गाडी खोटं बोलून ठेवायची नाही. दर वळणावर वाटेल की गिलियन मागच्या सीटवर बसली आहे.

वाण्याच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली आहे, 'पांढरी गाडी विकणे आहे, फ्रिज उत्तम, वायरी नव्या.' टेड वाचून म्हणाला, 'वायरी कोणी घातल्या ते नाही लिहिलंस?' मी म्हटलं, लिहिलं तर कोण घेईल? तर म्हणाला, 'मी घेतली असती. पण मग टोमॅटोंना पाणी कोण घालणार?' त्याच्याकडून हे फार झालं.

खरं आहे ते गिलियनला लिहून टाक. लवकर लिही, म्हणजे दात काढल्यासारखं होऊन जाईल.

गाडी जर्मन आहे हे लपवलं त्याबद्दल मात्र मी माफी मागते. बाकी कशाबद्दल नाही. खाडी फार सुंदर होती.

तुझी,
एनिड


कॉव्हेंट्री
८ ऑगस्ट

प्रिय एनिड,

वाण्याच्या काचेवरची चिठ्ठी काढ. गाडी विकली गेली आहे.

गिलियनला मी जे लिहिलं ते तुझ्या माहितीसाठी खाली उतरवतो.

'प्रिय गिलियन, सौद्याचा निकाल असा. तुझी आई नापास आहे. तिनं वाटेत एका परक्या माणसाची मदत घेतली. गाडी बंद पडली ती मी सांगितलेल्या चुकीच्या जोडणीमुळे, तिच्यामुळे नाही. पण चूक कोणाची हे सौद्यात विचारायचं ठरलं नव्हतं, म्हणून ते मी धरलेलं नाही. ठरल्याप्रमाणे गाडी विकली पाहिजे. ती मी विकत घेतली आहे. तुझा मामा, होरेस ट्रँटर.'

तिचा फोन आला. मेव्हिसनं घेतला आणि ती जे बोलत होती ते मला कागदावर लिहून दाखवत होती. पहिली ओळ होती, 'मामा, ही शुद्ध फसवणूक आहे.' मी खाली लिहिलं, 'फसवणूक नव्हे, विक्री आहे. कोणाला विकायची हे तू म्हणाली नव्हतीस.' मग बराच वेळ मेव्हिसची पेन्सिल हलली नाही. मला वाटलं फोन ठेवला. नंतर मेव्हिसनं लिहिलं, 'हसतेय.' आणि त्याखाली, 'म्हणतेय, आईनं दर मुक्कामावरून फोन करायचा, नाहीतर ती स्वतः येऊन गाडीत राहील.' रेडिंगचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

चॅपलमध्ये बातमी पोचली आहे. मिसेस पॉटर दारात उभी राहून म्हणाली (तीनच शब्द होते, ओठांवरून कळले), 'होरेस, तुम्ही? जर्मन?' मी तिला सांगितलं की मे महिन्यात मी एक प्रवचन चुकीचं केलं होतं आणि ते दुरुस्त करायला थोडा खर्च आला.

आईबद्दल तू लिहिलंस. त्या विटा मी विसरणार नाही, आणि विसराव्यात असं मला वाटतही नाही. गाडीच्या किमतीच्या सोबतच्या चेकवर सही करताना हात थांबला होता, हे तुला सांगून टाकतो. पण तो माणूस कॉव्हेंट्रीचं नाव ऐकून थांबला आणि मग जास्त सावकाश काम करू लागला, ती ओळ मी पुष्कळदा वाचली. वायर घाईनं जोडणारे मी खूप पाहिले. सावकाश जोडणारे थोडेच असतात, आणि ते काम करताना कसला विचार करत असतात हे मला माहीत आहे. आईला हे सगळं कसं वाटलं असतं, याचाही विचार केला. तुझी आणि माझी आई एकच होती, तेव्हा तुलाही ठाऊक असेल. तिनं आधी फ्रिजचं दार उघडून लोण्याला बोट लावून पाहिलं असतं.

त्या ब्रिंकमानचा पत्ता तुझ्याकडे असेल तर पाठव. त्यानं निळ्या वायरीला फ्यूज घातला की नाही, हे मला विचारायचं आहे. घातलाच असेल. तरी विचारायचं आहे.

आता मालक या नात्यानं थोडं. मी जन्मात गाडी चालवायला शिकलो नाही. तीस वर्षं सायकलीवरून कारखान्यात गेलो आणि दुसऱ्यांच्या गाड्या तयार करून पुन्हा सायकलीवरून घरी आलो. मेव्हिसलाही चालवता येत नाही. आमच्या गल्लीत ती उभी करायला जागा नाही, आणि असती तरी मी रोज सकाळी खिडकीतून तिच्याकडे कसा बघेन, हे अजून माझं मलाच सांगता येत नाही.

पण गाडी उभी राहिली की बॅटऱ्या उतरतात. एक नव्हे, दोन्ही. हे तुला आता कोणी शिकवायला नको. तेव्हा ती फिरती ठेवायचं काम मी तुझ्यावर सोपवतो. माझी वस्तू आहे, हयगय चालणार नाही. आठवड्यातून एकदा तरी लांब पल्ला झाला पाहिजे. रविवार असला तरी चालेल.

तुझा भाऊ,
होरेस